पाण्यासारखं पाणी

किस्से कुणी गोळा करायला जात नाही. कुसळासारखे ते धोतराला चिकटतात, आणि घरी येऊन झटकायला लागलं की कळतं किती घेऊन आलो. जामखेडला स्टँडामागं संतोषचं मोबाईलचं दुकान आहे, त्याच्यापुढं एक बाकडं. त्यावर आम्ही रोज तिघं बसतो. मी, बैलबाजारातला जुना दलाल बाबूराव आणि रहीमभाई टेलर. तिघांनाही काम नाही. मला यंदा तेवढं एक निघालं, हेडफोन घ्यायचं. त्याचीच ही कुसळं.

*

आमची ही अकोल्याकडची, विदर्भातलं अकोला नव्हे, आमच्याच नगर जिल्ह्यातलं डोंगराकडचं अकोले. दुष्काळात मी तिकडं रस्त्याच्या कामावर गेलो आणि येताना बायको घेऊन आलो. हिच्या माहेरच्या घरामागून ओढा वाहतो. आमच्याकडं पाणी येतं ते टँकरमधून, आणि तेही शिव्या देत. आता हिचे गुडघे गेले. अकोल्यापर्यंतची एसटी झेपत नाही. चार वर्षं झाली, माहेर नाही. तक्रार करत नाही, पण भाकरी थापता थापता हात थांबतो आणि म्हणते, "एकदा वढा ऐकला असता."

मी तिच्या भावाला, यशवंताला फोन करून ओढ्याचा आवाज भरून पाठवायला सांगितलं. भातलावणी उरकल्यावर त्यानं ओढ्याकाठी फोन धरून दोन मिनिटांचा आवाज पाठवला. मी मोठ्या तोऱ्यात तो लावला. हिनं मान वाकडी करून ऐकला आणि विचारलं, "यशवंता भजी तळतोय का?"

संतोषनं सांगितलं की आवाज झकास भरलाय, पण फोनचं तोंड बारीक आहे, हेडफोन लागंल. मी म्हटलं, हजाराच्या आत दाखव. त्याच्यापुढं ऐपत नाही, आणि पाणी ऐकायला त्यापेक्षा जास्त मोजणारा माणूस शहाणा नाही.

*

पहिला हेडफोन त्यानं माझ्या कानाला लावला आणि डीजेचं गाणं सोडलं.

"आबा, बास बघा. छाती हादरली पायजे."

"माझ्या छातीत डॉक्टरनं आधीच स्प्रिंग घातलीय," मी म्हटलं. "तिला हात लावू नको. पानी लाव."

त्यानं ओढा लावला. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत पाण्यातून चालल्यासारखं ऐकू आलं. ट्रॅक्टर स्पष्ट होता, पाणी कुठंच नव्हतं. मी त्याला तिथंच सांगून टाकलं, की तुझ्या गाण्यावर तुझा माल नेहमीच गोड लागणार. ज्याला जे ऐकायचंय ते त्याला लावून दे.

त्या दिवसापासून संतोषच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, "ते आबाचं पानी लावा."

*

बाबूरावानं हेडफोनची पारख हातात घेतली. बैल घेताना दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा आणि जुंपून चालवल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही, ही त्याची रीत. त्यानं पट्टी ताणून बघितली, वायर मुळाशी वाकवून बघितली, कानाची गादी नखानं खरवडली. म्हणाला, "कातडं खोटं हाय. दोन म्हयन्यांत खवलं सुटतील." संतोषनं तो उचलून परत खोक्यात ठेवला, म्हणजे खरं होतं.

दुसरा त्याला पसंत पडला. तो माझ्या फोनसकट डोक्यावर चढवून, स्टँडापर्यंत चालवून आणतो म्हणून बाबूराव निघाला. तासभर पत्ता नाही. आला तेव्हा तोंडावर अशी शांतता, की असा मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मी विचारलं, पाणी कसं आहे?

"पान्याचं मला काय कळलं न्हाई. पन बायको पिशव्या घेऊन बाजारापासनं हाका मारत मागं येत हुती, मला दाद न्हाई. ह्योच घे."

*

मग एका दुपारी आम्ही ठरवलं की ओढा सगळ्यांनी ऐकायचा. एकच हेडफोन, डोळे मिटून, पाळीपाळीनं.

रहीमभाई म्हणाला, मशीनवर लांब शिलाई चाललीय, झग्याची, घेर संपतच नाही. बाबूराव म्हणाला, टँकर विहिरीत रिकामा होतोय. माझ्या कानात खळं आलं. आई सुपातून ज्वारी वारवते आहे, दाणे पडतात, भुसा वाऱ्यावर जातो, आणि मी इतका लहान की त्या राशीत माझे पाय बुडालेत. मी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. कुणी मला हलवलंही नाही.

नंतर चहा पिताना लक्षात आलं. दोन मिनिटं ओढा वाहिला, आणि तिघांतल्या एकालाही त्यात ओढा ऐकू आला नाही. वाहत्या पाण्याची आमच्या कानांना ओळखच कुठं आहे?

"पारख तिलाच करू द्या," रहीमभाई म्हणाला.

*

संतोष एकदम तीन हेडफोन घरी द्यायला तयार होईना. बाबूराव उठला, म्हणाला बैलसुद्धा तीन दिवस दुसऱ्याच्या दावणीला बांधून देतात, मी मधे आहे. संतोषनं दिले. त्यातला तिसरा कपाटाच्या तळातला, राखाडी, जाड कापडी गादीचा, वायरवाला, धूळ बसलेला. पोरं त्याला हात लावत नाहीत, कारण तो घालून फोटो चांगला येत नाही.

*

ही ओट्यावर बसली होती. पदरावरूनच पहिला चढवला. लगेच काढला. "डबडं हाय."

दुसरा, बाबूरावाच्या पसंतीचा. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "टाकी भरतीय कुनाची तरी."

तिसरा लावला. दोन मिनिटं संपली तसं बोटानं खुणावलं, परत लाव. परत लावला. तिच्या पायाची बोटं हळूहळू आखडायला लागली, गार पाण्यात पाऊल टाकल्यावर आखडतात तशी. मी तिसऱ्यांदा लावला. ऊन ओट्यावरून खाली उतरलं.

मग डोळे मिटूनच म्हणाली, "धुन्याचा दगड काढलाय कुनीतरी."

मला वाटलं, झोपेत बोलतेय. माझा फोन हेडफोनला अडकलेला, म्हणून तिच्याच जवळ बसून शेजाऱ्याच्या फोनवरून यशवंताला लावला आणि विचारलं, ओढ्यातल्या कुठल्या दगडाचं काय झालं रे.

यशवंतानं आवाज खाली आणला.

"दाजी, मागच्या साली रस्त्याच्या भरावात गेला त्यो. अक्काला वाईट वाटंल म्हनून मी घरात सगळ्यांना बजावलं हुतं, कुनी बोलायचं न्हाई." मग त्यानंच विचारलं, "तिला सांगितलं कुनी?"

मी हिच्याकडं बघितलं. हिनं डोळे न उघडता हात वर केला, गप बसा म्हणून.