लिलीबाई आणि आमच्या घरची आंबील

आमच्या घरात 'कृपा' हा शब्द शिवीसारखा होता.

तोच शब्द मला पुन्हा तोंडात घ्यायला लावणाऱ्या लिलीबाई आज सकाळी गेल्या.

राजगडाजवळ विंझरला गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती. सत्तरच्या आसपासची गोष्ट.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बालपण लोकांनी वरून टाकलेल्या भाकरीवर गेलं. आणि "आमच्या कृपेनं जगता" हे वर ऐकून घ्यायचं. मोठेपणी त्यांनी ते सगळं सोडलं, जुने देव सोडले, बुद्धाला जवळ केलं. पण तो शब्द कानावर पडला की अंगाची लाहीलाही व्हायची.

आणि एका थंडीत, सकाळच्या धुक्यातून, आमच्या दारात लिलीबाई आल्या.

नगरकडच्या ख्रिस्ती. वेल्ह्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायला निघालेल्या. धुक्यात काही दिसेना, वेल्हं आलं समजून विंझरलाच एसटीतून उतरल्या. अंगात फणफणून ताप.

आबांनी त्यांना घरात घेतलं. आईनं नाचणीची आंबील पाजली. घरातली एकुलती एक बरी घोंगडी त्यांच्या अंगावर गेली. मी आणि भाऊ कुडकुडत बसलो, आम्हाला कोण विचारतंय!

ते धुकं मला अजून स्वप्नात दिसतं. राजगड नाही, रस्ता नाही, समोरची चिंच नाही. सगळं पांढरं, आणि त्यातून हळूहळू चालत येणारी एक पांढरी साडी.

बऱ्या होऊन त्या वेल्ह्याला गेल्या, पण येत राहिल्या. मला जखम धुवायला, पट्टी बांधायला शिकवलं. मी मॅट्रिक झाले तेव्हा पुण्याला मिशनच्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या ट्रेनिंगला माझी सीट पक्की करून आल्या. फी नाही, हॉस्टेल फुकट.

मी हवेत. आबा म्हणाले, न्हाई.

'फुकट' ऐकलं आणि विषय संपला. पोर कुणाच्या उपकारात ऱ्हाणार न्हाई. आईनं समजावलं, मी जेवण सोडलं. आबा ढिम्म.

जायच्या दिवशी सकाळी लिलीबाई मला न्यायला आल्या. पुन्हा तसंच धुकं. माझी ट्रंक दाराशी, आणि ट्रंकेवर आबा बसलेले.

आधी त्यांनी धर्माचं विचारलं. धर्म बदलायची अट नाही, बाई म्हणाल्या. मग आबांनी मुद्द्यालाच हात घातला. तुमच्या शास्त्रात, बायबलात, म्हणं पानोपानी कृपा हाय.

"आमी लई कृपा खाल्ली, बाई. पोरीला न्हाई खाऊ द्यायची."

मला वाटलं, गेली माझी एसटी.

लिलीबाई आबांच्या समोर खाली, सारवलेल्या जमिनीवर बसल्या. शांतपणे सांगितलं की शास्त्रातली कृपा कमावता येत नाही. तिथं कोणी लायकी बघत नाही. आणि देणारा वरून टाकत नाही, आधी स्वतः खाली उतरून येतो.

"आबा, मी तापात आले तेव्हा तुम्ही माझं काय बघितलंत?"

"तापल्याल्या माणसाचं काय बघायचं?"

"तीच ती. मी आधी नुसती वाचली होती. चाखली तुमच्या घरी."

आबांनी विचारलं, "मंग ही त्याची परतफेड व्हय?"

"नाही. मला पोर आवडते. एवढंच."

धुक्यात कुठंतरी एसटीचा हॉर्न वाजला.

आबा उठले. ट्रंक खांद्यावर घेतली आणि फाट्याकडं चालायला लागले. मी मागं पळत सुटले. आबा दिसतच नव्हते, नुसती ट्रंक तरंगत पुढं चाललेली.

मी नर्स झाले. बौद्धच राहिले. बाईंनी जन्मात कधी त्यावरून एक शब्द काढला नाही.

शेवटी शेवटी बाई सगळं विसरल्या होत्या. मलासुद्धा. परवा मी त्यांना आंबील भरवत होते, तर मध्येच माझा हात धरला.

"तू कोण गं? मी तुझं काय केलंय?"

सांगायला अख्खं आयुष्य होतं.

"काही नाही, बाई. मला तुम्ही आवडता. एवढंच."

बाईंनी हात सोडला आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

जपून जा, बाई. धुकं असलं तरी या खेपेला बरोबर स्टॉपला उतरा.

आणि तुमचा देव भेटला, तर त्याला आमच्या आबांचा जय भीम सांगा.