परसोंचा हात

माप घेताना "हात वर करा" म्हटलं की ते हसायचे. "नक्को मास्टर. एकदा वर केला परसों, अजून खाली आला नाही."

आमच्या हैदराबादेत परसों म्हणजे नुसता परवा नव्हे. दहा वर्षांमागचंही परसोंच. इथं राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल.

ते आमच्या वॉर्डाचे कार्पोरेटर. कुर्ते शिवायला गौलीगुड्यात माझ्याचकडे येत. मी शिकलो चौथीपर्यंत, पण माझ्या काजाला कुणी नाव ठेवून दाखवावं.

मुलगा म्हणून जन्मून जे बाई म्हणून जगतात, त्यांना सरकारी कागदावर त्यांनी घेतलेलं नाव मिळावं, असा ठराव महापालिकेत आला होता. यांनी विरोधात हात वर केला. ठराव एका मतानं पडला.

लोक माझ्या दुकानात येऊन त्यांना जाब विचारत. पेपरवाल्याला ते सांगत, पार्टीचा हुकूम होता. विद्यानगरच्या कॉलेजातल्या मुलींना सांगत, ठरावाची भाषा कच्ची होती. एका म्हातारीला म्हणाले, "अम्मा, काखेत खाज सुटली, हात वर गेला." मी मान खाली घालून मशीन चालवायचो. खरं कारण मशीनवर बसलेलं होतं.

मतदानाच्या सकाळी मीच त्यांना म्हटलं होतं, "हा ठराव पास झाला तर माझ्या दुकानाची पायरी चढू नका."

"मास्टर, घरचं कुणी आहे का त्यात?"

"नाही."

माझं थोरलं लेकरू साडी नेसून घराबाहेर पडल्याला महिना झाला होता. नवं नाव कागदावर चढलं की ते परत फिरणार नाही, असं मला वाटे. कार्पोरेटर माझ्याकडे बघत राहिले. मग नुसतं "हौ" म्हणत मान डोलावली.

त्यावर नंतर एकदाच बोलले, नवा कुर्ता अंगात घालून बघताना. "पोरीशी बोला मास्टर. दोष माझ्यावर टाका. मला सवय आहे."

मी म्हटलं, "बाही बसली का बघा."

या उन्हाळ्यात ते गेले. शेवटचा कुर्ता खुंटीवरच राहिला. उजव्या काखेत शिवणीला बोटभर कापडाची माया जास्त सोडली होती, त्यांच्यासाठी नेहमी सोडायचो तशी.

मग पोरीचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिला.

"गेले म्हणे, माझ्याविरुद्ध हात वर करणारे."

"हात त्यांचा होता," मी म्हटलं. "वर करायला मी सांगितला."

मग म्हणाली, "कधी?"

"परसों."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पंख्याच्या वाऱ्यानं खुंटीवरची उजवी बाही जरा वर उचलली, आणि खाली आली.