केन्यांगीचा पहिला घोट

"ओढ म्हंते न्हवं. का आज बी दाढ ठणकतीया?"

बुसिंग्ये म्हातारीनं बोरूची नळी केन्यांगीच्या तोंडापुढं धरली.

"किती दिस त्या दाढंला धरून बसणार, आत्ती?"

"तू हाईस तवर."

बाकावरची माणसं हसली. केन्यांगीनं लांब घोट ओढला, मान डोलावली, आणि मग कुठं बाकीच्या नळ्या मडक्यात उतरल्या.

काबालेच्या डोंगरात ज्वारीची दारू अशीच पितात. मडकं एक, नळी ज्याची त्याची, आणि दारूत काही घातलं नाही हे दाखवायला पहिला घोट जिनं केली तिचा. मोड आलेली ज्वारी राखेत घोळायची कला केन्यांगी आईकडून शिकली. नवरा गेल्यावर याच मडक्यावर तिनं पोरी वाढवल्या. तोंडानं फटकळ, मापाला सढळ.

गेल्या पेरणीआधी एका बाजारी तिची दाढ सुजली होती. गरम पाणी ओतलेली दारू तोंडाला लागली की जीव जायचा. म्हणून तिनं घोट न घेताच मडकं मांडलं. म्हातारीचा लेक बेटुंगुरा, ऐन तिशीतला ओझी वाहणारा गडी, थोडी पिऊन उठला आणि तिथंच कोसळला. पुन्हा हलला नाही. त्याच मडक्यातलं प्यायलेली बाकीची माणसं धडधाकट होती, पण ते कोण बघतंय?

"मडक्यात इख घातलं आसंल," लोक म्हणाले. "म्हणून तर हिनं तोंड लावलं न्हाई."

दिवस कलायच्या आत तिच्या छपराला काडी लावायची भाषा सुरू झाली.

भाऊबंद मढं पुरायला निघाले. दवाखान्यात फाडलेलं मढं मातीत घालणं कुणालाच नको होतं. म्हातारी दारात आडवी बसली.

"दवाखान्यात न्या. फाडू द्या."

"वैनी, ह्या बाईपायी?" दीर म्हणाला.

"पोरगं चढावर थांबायचं. इचारलं तर म्हणायचं, चपलंत खडा गेलाय. रोज कसा खडा जाईल रं? मला कळत हुतं, मी गप ऱ्हायले."

डॉक्टरीणबाईंनी काळजाचा तुकडा शहरात तपासायला धाडला. उत्तर यायला ज्वारी पोटरीला आली. विष नव्हतं. काळजाच्या मांसालाच आतून सूज होती. असा रोग क्वचितच होतो, आणि झाला की धट्ट्याकट्ट्या माणसाचंही काळीज उभ्या उभ्या थांबतं. कशानं होतो, ते बाईंनाही सांगता आलं नाही.

तोवर केन्यांगीच्या मडक्याला कोळिष्टकं धरली होती. म्हातारी तिच्या दारात आली. "फुडच्या बाजारी मडकं मांड," एवढंच बोलली.

बाजारी ओस बाकावर म्हातारी एकटीच बसली आणि सगळ्यांच्या देखत मडक्याचा तळ दिसेस्तवर प्यायली. घरी न्यायला दोन खांदे लागले. त्या पुढच्या बाजारी बाकावर जागा नव्हती.

पोटच्या पोराचं काळीज कापायला देऊन म्हातारीनं आपल्याला जगवलं, याचे आभार कसे मानतात ते केन्यांगीला अजून सुचलेलं नाही. बाकाच्या ज्या टोकाला चुलीची ऊब लागते, तिथं ती दर बाजारी म्हातारीसाठी वाकळ घालून ठेवते. तिथं दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

"निवली गं," म्हातारी नळी सोडून म्हणाली. "पाणी आण. का त्याला बी दाढ आडवी येतीया?"

"आलेच, आत्ती."

केन्यांगी उठली, चुलीवरचं आधण उतरवलं आणि मडक्यात ओतायला लागली.