रोवणीच्या रांगेतले इंग्रजी

आमच्याकडे शेत नव्हते. दिघोरीच्या आसपास ज्याच्या बांधीतून बोलावणे येईल तिथे आई धान रोवायला जायची, बाबा वीटभट्टीवर. सकाळी भात झाला तर रात्री त्याचीच पेज. माझ्याआधी घरात दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी इंग्रजीत दोनदा नापास झाले, तेव्हा बाबांनी सांगून टाकले, "हिवाळ्यात आणखी एकदा बस. नाहीतर पोरगा पाहू."

वाक्प्रचारांचे अर्थ मला पाठ होते. 'वाक्यात उपयोग करा' आले की पेन थांबायचे. गाइडमधले वाक्य विसरले की संपले.

त्या पावसाळ्यात मीही आईसोबत रोवणीला उतरले. रोवता रोवता पाठांतर चालायचे. ते शेजारच्या काकूने ऐकले.

"काय पुटपुटून राहिली वो?"

"इंग्रजी आहे, काकू. हार्ट इन माउथ. काळीज तोंडात येते म्हणतात इंग्रज लोक."

"मंग जेवतेत कसे?"

सगळी रांग हसली. मी समजावून सांगितले. राग आला किंवा रडू आले तर असे म्हणत नाहीत. काही वाईट तर होणार नाही ना, अशी धाकधूक लागते तेव्हा म्हणतात.

काकू वाकूनच म्हणाली, "माझा पोरगा बोडीत बुडी मारते अन् लवकर वर येत नाही, तवा मले होते तसं?"

"हो, तसंच."

"एवढं तर मलेबी समजते. तू कायले नापास झाली?"

मला लागले. पण तिचे बरोबर होते. अर्थ मी घोकला होता. असे आपल्याला कधी झाले, हे स्वतःला विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी रांगेत रोज एक वाक्प्रचार सांगायची आणि बायांकडून प्रसंग मागायची. घरी येऊन वहीत त्याचे इंग्रजी वाक्य स्वतः जुळवायची. कॉलेजातले सर ते लाल शाईने दुरुस्त करायचे. आधी लालच जास्त असायचे. रोवणी संपली, निंदण सुरू झाले, वही चालूच राहिली.

हिवाळी परीक्षेत काकूचा वाक्प्रचार आला नाही. 'ऑन एज' आला, जिवाला चैन नसते तेव्हाचा. मागच्या निकालाच्या दिवशी बाबा अंगणात येरझारा घालत होते, तेच मी लिहिले. गाइड आठवावे लागले नाही.

मी इंग्रजीत पास झाले. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी आहे.