वडिलांकडे वडिलांची शिष्टाई

माझे वडील बँडमास्तर. पुणतांब्यात किंवा आसपासच्या गावांत लग्न असलं की लाल कोटातली त्यांची माणसं पुढं, आणि गाल फुगवून क्लॅरिनेट वाजवणारे ते मधोमध. उन्हात कोटाचा रंग उतरून मानेवर यायचा. घरी आल्या आल्या आई म्हणायची, "आधी मान धुवा, मग जेवा." गाव त्यांना मास्तर म्हणतं, मी नाना म्हणते.

नानांना नोटेशन वाचता येत नव्हतं. नवं गाणं बसवायचं ते कानानं, आणि तो कान म्हणजे मी. आमचा टेपरेकॉर्डर कॅसेटी खायचा. म्हणून शाळेतून आल्यावर मी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसायचे, त्यांच्या रेडिओवरचं गाणं घोकायचे आणि पळत घरी येऊन नानांना म्हणून दाखवायचे. ते डोळे मिटून क्लॅरिनेटवर बोटं फिरवत बसायचे. मी चुकले की अख्खा बँड चुकायचा. एका गाण्याचा शेवट मला आठवेना, तेव्हा मी तो मनानंच लावला. पंचक्रोशीतल्या कितीतरी नवरदेवांनी माझ्या त्या शेवटावर घोड्यावरून उतरून मांडवात पाय ठेवलाय. कुणाची तक्रार आली नाही.

अशा बापाचं आणि माझं फाटलं ते माझ्याच लग्नात, आणि तेही डीजेवरून.

लग्न आमच्या गावात होतं. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या पाया पडून वाजतगाजत मांडवात येतो, त्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. मुलीच्या बापानं परण्यात स्वतः वाजवू नये, असं सगळ्या भावकीनं नानांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "दुसऱ्यानं वाजवलेलं मला पटायचं न्हाई. मग मी मांडवात बसून त्याच्या चुका काढीन. ते बरं दिसंल का?" भावकी मांडवाच्या कामाला लागली. नानांनी सगळ्या बँडला नवे कोट शिवले.

माझा नवरा नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला. त्याच्या कारखान्यातल्या मित्रांनी त्याला न सांगता प्रेमाची भेट म्हणून टेम्पोवर डीजे आणला. मारुतीसमोर तो सुरू झाला आणि देवळावरची कबुतरं उडाली ती अक्षता पडेपर्यंत परतली नाहीत. मी गच्चीवरून बघत होते. नानांचे गाल फुगत होते, बोटं फिरत होती आणि आवाज मात्र एका सुराचाही येत नव्हता. तरी ते हटले नाहीत. हटला तो त्यांचा ताशावाला. इतक्या वर्षांचा जोडीदार, पण त्याचे हात आपोआप डीजेच्या ठेक्यावर पडायला लागले. नानांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली आणि ते न जेवता घरी गेले.

पाठवणीच्या वेळी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा. तुझ्या घरी आवाजाला कमी न्हाई. माझी काय गरज न्हाई तिथं."

ते खरंच आले नाहीत. ना सणाला, ना आम्ही नगरला फ्लॅट घेतला तेव्हा. मी माहेरी गेले की ते गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायचे आणि माझी गाडी सुटल्यावर परतायचे. मलाही राग होता. तो डीजे काय मी मागवला होता? मग मीही जाणं सोडलं. आईशी तेवढं फोनवर बोलायचे. नानांचं म्हणणं, आधी जावयानं येऊन चूक कबूल करावी. आपण कुठल्या भांडणात आहोत हे जावयाला पुष्कळ दिवस माहीतच नव्हतं. "तुझे वडील फार कमी बोलतात, नाही?" असं तो कौतुकानं म्हणायचा.

मग एक दिवस आईचा फोन आला.

"अगं, हे मला ताशावाला समजाया लागलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! मी भाकरी थापतीय, तर हे दारात येऊन म्हनत्यात, ठेका धर नीट, लय सोडू नको."

विसरण्याचा आजार आहे, आणि तो वाढत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईनं ते मला महिनाभर कळवलंच नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाली, "तुमचं दोघांचं बोलणं न्हाई ना, मंग कसं सांगायचं?"

रविवारी आम्ही दोघं गाडी काढून पुणतांब्याला गेलो. सगळा रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होते. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, थोडं तरी बोलून टाकणार होते. नाना ओट्यावर खुर्चीत बसले होते. वाळले होते, पण भांग अगदी सरळ पाडलेला. मला बघून ते उठले नाहीत, घाटावरही गेले नाहीत. हात पुढं करून म्हणाले, "या, बसा. लग्न कुनाचं?"

जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही इथं बसत नव्हतं.

"माझंच," मी म्हणाले.

"अरे वा. आन् सुपारी द्यायला तुमीच आल्या? वडील न्हाई आले?"

"वडील रुसलेत."

"का?"

"लग्नात डीजे लावला म्हणून."

नानांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर केलं त्येंनी! मानूस दर्दी दिसतोय."

आत आई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला ओट्यावरून कळलं नाही. नवरा माझ्या मागं उभा होता. नानांनी त्याच्याकडं बोट केलं. "हे कोन?"

"नवरदेव," मी म्हणाले.

"डीजे ह्येंनीच लावला का?"

"मित्रांनी लावला. मला माहीत नव्हतं, खरंच." इतक्या वर्षांनी का होईना, जावयानं योग्य माणसापुढं कबुली दिली.

नाना विचारात पडले. मग ताडकन उठले. "बाप रुसलेला असताना पोरीच्या लग्नात मी वाजवनार न्हाई. ते बरं न्हाई. चला, मला त्येंच्याकडं घेऊन चला. मी समजावतो."

"कुणाला?"

"तुमच्या वडिलांना! मी बँडवाला हाय. डीजेचं दुःख मला समजतं. माझं ऐकतील ते."

आईनं मला खुणेनं सांगितलं, वाद घालू नको. नानांनी लाल कोट मागितला, क्लॅरिनेटची पेटी घेतली आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. आता न्यायचं कुठं? नवऱ्यानं गाडी स्टेशनापर्यंत नेली, वळवली, गावाला एक चक्कर मारली आणि परत आमच्याच दाराशी आणून उभी केली.

नाना उतरले, कोट झटकला आणि घराकडे बघून म्हणाले, "घर साधं हाय, पन नेटकं हाय. मानसं चांगली असनार." त्यांनी कडी वाजवली.

आईनं दार उघडलं.

"मालक हायेत का घरी?"

आईनं ओले हात पुसले. मग डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "आत्ताच बाहेर गेलेत. येतील. बसा तुमी, च्या टाकते."

नाना स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. चहा घेतला, साखर कमी आहे असं वाटूनही परक्या घरी बोलले नाहीत. घरी असते तर बोलले असते. वाट बघून बघून कंटाळले, तेव्हा माझ्याजवळ झुकून हळूच म्हणाले, "तुमचे वडील लई हट्टी दिसत्यात."

"आहेतच," मी म्हणाले. ह्या बाबतीत आमचं एकमत व्हायला एवढी वर्षं लागली.

"पन मी एक करतो. इथं बसूनच वाजवतो. कुठं असतील तिथून ऐकत येतील. रुसला तरी दर्दी मानसाचा कान हाय त्यो, राहवनार न्हाई त्याला."

त्यांनी पेटी उघडली. क्लॅरिनेट जोडताना हात जराही अडखळले नाहीत. सकाळी शर्टाची बटणं लावताना आईला मदत करावी लागते, असं तिनंच सांगितलं होतं. आणि ते वाजवायला लागले. गाणं तेच, ज्याचा शेवट मी मनानं लावला होता. मुखडा झाला, अंतऱ्याला सुरुवात झाली आणि मध्येच बोटं थांबली. नानांचा चेहरा घाबरल्यासारखा झाला. पुढची जागा सापडत नव्हती.

मी विचार न करता गुणगुणायला लागले. शेजाऱ्यांच्या ओट्यावरून पळत यायचे तशीच, दम लागल्यासारखी. नानांनी डोळे मिटले, क्लॅरिनेट ओठांना लावली आणि माझ्या मागून यायला लागले. आम्ही दोघं अंतरा पार करून माझ्या त्या बनावट शेवटाशी पोचलो. त्यांनी तो जसाच्या तसा वाजवला. मग डोळे उघडून, चिडून म्हणाले,

"तू अंतऱ्याला कायम घाई करतीस. किती वेळा सांगितलं तुला!"

तू. 'तुमी' नाही. मी त्यांचा हात धरला आणि रडायला लागले. नाना गोंधळले. "आता रागावलो का मी? घाई करतीस म्हनून सांगितलं फक्त. रडायचं काय त्यात? चल, परत म्हन."

मी परत म्हटलं. परत घाई केली.

जेवायला बसेपर्यंत मी पुन्हा गिऱ्हाईक झाले होते. पण तेव्हापासून आम्ही दर रविवारी जातो. कधी मी पोरगी असते, कधी वधूपक्ष. गाणं सुरू झालं की मात्र पोरगीच. नवऱ्याला त्यांनी बँडमध्ये खुळखुळे वाजवायला घेतलंय. त्याला तालाचं अंग अजिबात नाही. नाना दर रविवारी त्याला कामावरून काढतात आणि पुढच्या रविवारी, काढल्याचं विसरल्यामुळे, परत घेतात. कारखान्यातही एवढी खात्रीची नोकरी नाही, असं तो म्हणतो.

अडचण आईची झालीय. मध्ये एकदा मी म्हणाले, "बरं झालं ना, भांडण मिटलं." तर ती भांडी आपटत म्हणाली, "तुमचं मिटलं. तुमच्यापायी मी दोन्हीकडनं ऐकून घेतलं, त्ये मी न्हाई विसरले. आता मी रुसू का?" मग मी आणि नवऱ्यानं मिळून तिची समजूत घातली. तिला नगरला चार दिवस विश्रांतीला यायचं होतं, एवढंच निघालं.

ती आली म्हणून नानाही आले. माझ्या घरी, पहिल्यांदा. उंबऱ्यापाशी मला उगाच धाकधूक वाटली, पण ते बूट काढून सरळ आत आले. पोटभर जेवले, आमटीत मीठ जास्त आहे असं मोठ्यानं सांगितलं आणि बाहेरच्या खोलीत आडवे झाले. दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते जागे होते आणि टक लावून वर बघत होते.

"आपन कुनाच्या घरी हाय?"

"माझ्या, नाना."

"चांगलं हाय." त्यांनी छताकडे बोट केलं. "त्यो पंखा लई वाजतो. पन तालात वाजतो."