टाचणात नसलेलं उत्तर

वाशीमच्या आमच्या अध्यापक विद्यालयात मी गणित शिकवते. सराव पाठाला जाताना होऊ घातलेल्या गुरुजी-बाईंनी टाचण लिहून न्यायचं, आणि त्यात आपल्या प्रश्नांखाली मुलांची उत्तरंही आधीच लिहायची, अशी आमची रीत. मुलांनी अजून तोंडही उघडलेलं नसतं! पण त्या टाचणावर सही माझीच असते, तेव्हा मी कोणत्या तोंडाने हसू?

मेडशीहून एसटीने येणारी एक विद्यार्थिनी होती. गोष्ट सांगायला लागली की वर्ग चिडीचूप. गणिताचं नाव काढलं की मात्र हिची ततपप. "मॅडम, मले मराठीचेच पाठ द्या ना," म्हणायची. मी जरा तापट. झापलं तिला, आणि तिसरीवर वजाबाकीचा पाठ दिला.

मी निरीक्षणाचा कागद घेऊन वर्गात मागे बसले. तिने फळ्यावर बेचाळीस वजा सतरा मांडलं. "दोनातून सात जातात का?" टाचणाप्रमाणे मुलांनी "नाही बाई" म्हणायचं होतं. पुढची एक चिमुरडी ओरडली, "पंचवीस!" हिने वहीत पाहिलं. पंचवीस चार ओळी खाली होते.

"अजून नाही. आधी 'नाही बाई' म्हण."

वर्ग खिदळला. वाईट म्हणजे, मीही हसले. ती वही टाकून व्हरांड्यात गेली. मी मागे गेले तर डोळे पुसत होती.

"मी उद्यापासून येत नाही, मॅडम. ज्याले सोताले येत नाही, त्यानं पोराईले काय शिकवावं?"

"अगं, त्या पोरीला विचार तरी, कसं काढलं ते."

"मले माहीत हाय. सतराचे वीस कराले तीन, चाळीसपर्यंत वीस, वर दोन. मलेबी असंच जमते. पण शाळेत ह्याच्यासाठी छडी खाल्ली मी. हातचा काहून नाही घेतला म्हणून."

मला फार लाज वाटली. छडी मी कधी उगारली नाही, पण अशा उत्तरांवर लाल रेघा मात्र खंडीभर मारल्यात. म्हटलं, "तुझं बरोबर होतं. तेव्हाही."  ती नाक पुसून आत गेली. वही तिने उचललीच नाही.

चिमुरडीला फळ्यापाशी बोलावून तिने तिची रीत सगळ्यांना सांगायला लावली. मग नवं गणित घातलं, एकसष्ट वजा चौतीस. मागून एक मुलगी म्हणाली, "तेहेतीस." मी सवयीने निरीक्षणाच्या कागदावर चुकीची खूण करायला पेन टेकवलं.

"कसं काढलं, सांग बरं," ही म्हणाली.

"चारातून एक गेला, तीन. सहातून तीन गेले, तीन."

"अस्सं! लहान आकडा मोठ्यातून काढला तू. मीबी लहानपणी हेच करत होते. ये, दोघी मिळून पाहू."

माझं पेन तसंच राहिलं. इतक्या वर्षांत चुकलेल्या उत्तराला "कसं काढलं" असं मी एकदाही विचारलं नव्हतं.