चादरीचं दुसरं टोक

आमच्या थोरल्या जाऊबाईंना इस्पितळाच्या लॉन्ड्रीत सगळ्या 'क्रेन' म्हणायच्या. तोंडावर म्हणायची मात्र कोणाची छाती नव्हती. ओल्या कपड्यांची ट्रॉली दोघींनी ढकलायची. या एकट्या ढकलत आणि वर "सरका बाजूला" म्हणत.

चादरीची घडी घालण्याआधी दोघींनी समोरासमोर उभं राहून कोपरे धरायचे, "हं" म्हणायचं आणि एकदम ताणायचं, म्हणजे चुण्या मोडतात. जाऊबाई "हं"च्या आधीच ताणायच्या. समोरचीच्या हातून चादर सुटायची, फरशीवर पडायची आणि पुन्हा धुवायला जायची. शेवटी त्यांच्यासमोर उभी राहायला मीच उरले. घरची ना मी, जाते कुठे?

घरीही तीच तऱ्हा. थोरले भाऊजी रंगारी. शिडीवरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर जाऊबाई एकट्याच उचलायच्या. आम्ही नवरा-बायको वरच्याच मजल्यावर राहतो, पण मदतीला गेलो की उत्तर ठरलेलं, "माझा नवरा आहे, मी बघीन." भाऊजी आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचे. बिचाऱ्यांना उचलताना कोणी काही विचारतच नव्हतं.

इस्पितळात दरवर्षी रस्सीखेच होते आणि दरवर्षी स्वयंपाकघरवाल्या आम्हाला लोळवतात. यंदा सरावाला जाऊबाईंनी दोरी कमरेला गुंडाळली, आम्ही पाय रोवायच्या आत हिसका मारला आणि किंचाळून खाली बसल्या. तेव्हा कळलं, खांदा महिनाभर दुखत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, जड उचललंत तर हात कायमचा जाईल. बाईंनी घरी चकार शब्द काढला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. "हात गेल्यावर भाऊजींना कोण उचलणार? तुमचा हट्ट?"

त्या खांदा धरून उठल्या आणि तडक निघून गेल्या. मला वाटलं, आता महिनाभर अबोला.

दुसऱ्या दिवशी सरावाला आल्या त्या हात गळ्यात बांधून. "मी दोरी धरणार नाही. पण हरायचंही नाही. मी 'हं' म्हणेन, तेव्हाच ओढायचं."

"तुम्ही?" इस्त्रीवाली फिस्सकन हसली. "अहो, तुमचं 'हं' ऐकलंय कोणी आजवर?"

सगळ्या खोखो हसल्या. जाऊबाईही हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. रोज सुटी झाली की आम्हाला मैदानात उभं करायच्या आणि एकेकीच्या टाचा बघत फिरायच्या. घाई झाली की स्वतःचाच ओठ चावायच्या. उभा जन्म घाईत काढलेली बाई थांबायला शिकत होती, आणि ते तिला दोरी ओढण्यापेक्षा जड जात होतं.

स्पर्धेत स्वयंपाकघरवाल्यांनी शिट्टीबरोबर ओढ घेतली. आम्ही घसरलो. तळहात सोलले. मी मनात म्हणतेय, आता म्हणा, अहो म्हणा! पण जाऊबाई गप्प. रांगेच्या टोकाला शिवणवालीचा पाय सटकला होता, त्यांचे डोळे त्या पायावर. तिची टाच रुतली आणि मग आवाज आला, "हं!"

दोरी हातभर आली. "हं!" अजून हातभर. पलीकडच्या धिप्पाड बायका एकेकट्या ओढत होत्या. आम्ही सगळ्या मिळून. जिंकलो आम्ही! इस्त्रीवालीने जाऊबाईंना मिठी मारली आणि दुखरा खांदा दाबला म्हणून शिव्याही खाल्ल्या.

संध्याकाळी जिन्याखालून हाक आली, "दोघं जरा खाली येता का?" अशी हाक कधी आलीच नव्हती. आम्ही धावलो.

पलंगावर भाऊजींच्या अंगाखाली चादर पसरलेली होती, शेजारी खुर्ची लावलेली. "माझ्या एकटीच्याने नाही होत आता," जाऊबाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पुसले नाहीत. एका बाजूची टोकं मी धरली, दुसऱ्या बाजूची माझ्या नवऱ्याने. जाऊबाईंनी आमचे पाय पाहिले. मग भाऊजींकडे वळल्या.

"तुम्ही तयार आहात?"

भाऊजी बघतच राहिले. मग म्हणाले, "थांब जरा. माझे हात धड आहेत गं, खुर्ची धरू दे मला." त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट पकडला.

आम्ही जाऊबाईंच्या तोंडाकडे बघत थांबलो. त्या भाऊजींना म्हणाल्या, "आता तुम्हीच म्हणा."

भाऊजींनी श्वास घेतला आणि म्हणाले, "हं!"